पत्नीच्या सहीची जागा

अंकाच्या संपादकांनी कळवलं की तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, मी काही हलकीफुलकी बाई नाही. मालवणात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बायकांना त्यांच्या नवऱ्यांकडे पाठवायचे कागद केले, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीवर जळले. वरून 'सांभाळून जा गो' म्हणत होते, हातावर साखर ठेवत होते, आणि आत माझ्या पोटात दुखत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आता दुकान बंद करून वर्ष झालं, त्यामुळे गिऱ्हाईक तुटायची भीती नाही.

माझा गाळा म्हणजे एक टेबल, एक कपाट, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवलेलं बाकडं. एका बाजूला जाळी आणि दोर विकणारे, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. बाहेर पाटी, 'पासपोर्ट व व्हिसाचे फॉर्म भरून मिळतील'. सुरुवातीला टाइपरायटर होता, मग संगणक आला. गावात मला 'फॉर्मवाली बाई' म्हणत. माझं नाव वृंदा आहे, पण ते माझ्या स्वतःच्या फॉर्मशिवाय कुठे लागलंच नाही.

ज्यांच्या घरातलं कोणी बाहेर गेलेलं नाही त्यांच्यासाठी जरा समजावून सांगते. माणूस परदेशात नोकरीला जातो तो वर्क व्हिसावर. तिथली कंपनी त्याची हमी घेते. मग त्याला बायकोमुलांना न्यायचं असेल तर त्याने त्यांची हमी घ्यायची आणि त्यांच्यासाठी वेगळा व्हिसा मागायचा. त्याला डिपेंडंट व्हिसा म्हणतात, आखातात फॅमिली व्हिसा म्हणतात. म्हणजे नवरा कंपनीच्या भरवशावर आणि बायको नवऱ्याच्या. ऐकायला सोपं आहे. पण हा व्हिसा सगळ्यांना मिळत नाही. नवऱ्याच्या कागदावर 'व्यवसाय' म्हणून एक रकाना असतो, सगळा खेळ तिथे. त्यात इंजिनियर, टेक्निशियन, अकाउंटंट असं काही असेल आणि पगार ठीक असेल, तर बायकोला नेता येतं. 'मजूर' लिहिलेलं असेल तर विषय संपला. मग तो माणूस प्रत्यक्षात पन्नास जणांच्या डोक्यावरचा फोरमन का असेना.

आणि आमची माणसं चढायची तीच मुळी हाताला लागेल त्या व्हिसावर. एजंटाकडे मजुराचा व्हिसा आहे ना, मग वेल्डर मजूर म्हणून जायचा. आचरे गावचा एक चांगला आचारी होता, मोठ्या हॉटेलात काम करायचा, पण कागदावर तो उंटांची देखभाल करणारा होता. त्याने मला एकदा गंभीरपणे विचारलं, "बाई, कोणी तपासूक इलो तर उंट दाखवूचो लागतलो काय?" मी म्हटलं, हॉटेलातली कोंबडी दाखव. तो हसला, पण त्याच्या बायकोचा फॉर्म मी भरू शकले नाही.

दुसरा लागतो तो लग्नाचा दाखला. आमच्याकडे लग्नाला चारशे माणसं जेवतात, पण नोंदणी करायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. मग लग्नपत्रिका शोधा, भटजींची सही आणा, साक्षीदार उभे करा, ग्रामसेवकाला गाठा. दाखला हातात पडला की तो मुंबईला जायचा. तिथे सरकारी खात्यांचे आणि त्या देशाच्या कचेरीचे शिक्के घ्यायचे. दर सोमवारी इथल्या चार-पाच फॉर्मवाल्यांचे कागद घेऊन मुंबईला जाणारा एक माणूस होता, सावंत नावाचा. त्याची एक फेरी चुकली की आठवडा गेला. हा आठवडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बायका येत, बाकड्यावर बसत. मी विचारायची, "घोव खंय असता?"

"दुबयक."

"काय काम करता?"

"कंपनीत आसा."

"कंपनीत काय करता?"

मग ती ओढणीशी चाळा करायची. आठ आठ वर्षं लग्नाला झालेली, पण नवरा तिकडे सकाळी उठून नेमकं काय करतो ते माहीत नाही. मी फणकारायची, "गो बाय, लगीन माणसाशी झाला काय कंपनीशी?" आणि सही करायची वेळ आली की त्या म्हणत, "तेच करतले ना सही?" तेव्हा मात्र मी कडक व्हायची. नाही, ही जागा पत्नीच्या सहीची आहे, इथे तुझीच सही लागते, तुझ्या वतीने दुसऱ्या कोणी केलेली चालत नाही. कितीजणींना मी कोऱ्या कागदावर वीस वीस वेळा सही गिरवायला लावली असेल.

आता माझं सांगते. आमचे हे बावीस वर्षं दोह्याला होते. इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांचं काम. दोन वर्षांतून एकदा दोन महिने यायचे. लग्नानंतर पाच महिन्यांनी गेले ते पहिल्यांदा आले तेव्हा मुलगी चौदा महिन्यांची होती. तिने त्यांना बघून भोकाड पसरलं आणि माझ्या पदरात तोंड खुपसलं. ह्यांनी आणलेली बाहुली तिच्या पायाशी ठेवली आणि लांब जाऊन उभे राहिले. मी तेव्हाच विचारलं होतं, आम्हाला नेता येत नाही का? ते म्हणाले, "माझ्या कागदार मजूर लिवलेला आसा. फॅमिली मिळाक नाय." झालं. ते गेल्यावर मी सासूबाईंना घेऊन राहिले, टायपिंग येत होतं म्हणून गाळा घेतला, आणि दुसऱ्यांचे व्यवसायाचे रकाने वाचायला शिकले. नवऱ्याचा रकाना पुन्हा कधी वाचला नाही. ते सांगतात ते खरं, असं वाटायचं.

मला दागिन्यांचा हेवा कधी नव्हता. लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय. मी जळायची ती भलत्याच गोष्टीवर. नवऱ्याकडे गेलेल्या बायका सुट्टीला आल्या की दुकानात यायच्या, फोटो दाखवायच्या. त्या फोटोत मागे गॅलरी असायची आणि गॅलरीत दोरी. दोरीवर तिचा गाऊन आणि त्याचे शर्ट एकत्र वाळत असायचे. ती मला मॉल दाखवत असायची आणि मी दोरी बघत असायची. आमच्या ह्यांचे शर्ट बावीस वर्षं कोणी धुतले, कसे धुतले, मला ठाऊक नाही. घरी यायचे तेव्हा कॉलरी पिवळ्या पडलेल्या असायच्या. मी त्या घासघासून पांढऱ्या करायची तोवर जायचा दिवस यायचा.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. वालावलची एक सासू सुनेला घेऊन आली. सून बाहेर झेरॉक्स काढायला गेली तशी म्हातारी टेबलावर वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, फॉरम भरा. पण तो पास होता नये असो भरा." मी म्हटलं, असा कसा भरणार? म्हणाली, "तुमका येतला. तुमी शिकलेली माणसा. ही गेली तर माझ्या गाई-गोरवांका कोण बघतलो? आणि झील फोन करता तो हिच्यासाठी. ही थंय गेली मगे माका कोण फोन करतलो?" मी तिला पाणी दिलं. फॉर्म नीटच भरला, तो मंजूरही झाला. पण खरं सांगते, त्या म्हातारीचं बोलणं मला कुठेतरी बरं वाटलं होतं. जळणारी मी एकटीच नव्हते.

दुसरा कुडाळचा एक नवरा. त्याची बायको नर्स, तिला इंग्लंडात नोकरी लागली. तिचा वर्क व्हिसा, आणि हा तिच्या मागून जाणार डिपेंडंट म्हणून. उंचापुरा, मिशीवाला, नाटकात मारुतीचं काम करणारा गडी. फॉर्मवरचा शब्द वाचून त्याने खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे मी हिच्यावर अवलंबून?" मी म्हटलं, कागदावर. तो म्हणाला, "बाई, थंय दुसरा कायतरी लिवा. सोबती लिवा. राखणदार लिवा." बायको बाजूला बसून होती, ती म्हणाली, "माझी राखण करूक नको. भाकऱ्या भाज, मी ड्युटीवरसून येयसर." तो गेला. आता म्हणे तिथे सकाळी मुलाला शाळेत सोडतो आणि बांगड्याचं तिखलं करतो. त्याची मी गावभर टिंगल केली. पण तिने त्याला नेलं होतं. पहिल्या खेपेलाच, न विचारता, फॉर्म घेऊन आली होती. ते मला डाचत राहिलं.

माझ्या कपाटात तीन फायली असायच्या. मंजूर, नामंजूर आणि अपूर्ण. नामंजूर झालेल्या बायका रडायच्या, भांडायच्या, दुसऱ्या देशाची वाट धरायच्या किंवा नाद सोडायच्या. अपूर्णच्या फायलीतल्या मात्र वर्षानुवर्षं विचारत यायच्या. काहीतरी एक कागद राहिलेला असायचा आणि तो नवऱ्याकडून यायचा असायचा.

आता प्रणालीचं. हे लिहायला मी टाळत होते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रणाली आमच्याच वाडीतली सून, चोवीस वर्षांची. तिचा नवरा गणेश आमच्या ह्यांच्याच कंपनीत होता. हे निवृत्त होऊन आले त्याच्या दोन वर्षं आधी तो तिकडे लागला, म्हणजे दोघं काही काळ एकत्र होते. प्रणालीला चौथा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिची आई लहानपणीच गेलेली. माहेरी बाप आणि दोन भाऊ. ती म्हणाली, "काकू, माका थंयच जावचा आसा. बाळ झाला तेव्हा तो बाजूक होयो. गणेशाक सुट्टी गावणा नाय. हय झाला तर वर्षभर तो तोंड बघूचो नाय."

मी हिशेब घातला. शिक्क्यांना महिना, व्हिसाला महिना. सातवा महिना लागला की विमानवाले सहज घेत नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी मागतात, आणि तिच्या सासूने तर सांगूनच टाकलं होतं की सातव्यात समुद्र ओलांडायला देणार नाही. म्हणजे एक दिवस इकडेतिकडे करायला जागा नव्हती. मी तिला म्हटलं, होईल.

मग मी गणेशचे कागद उघडले. व्यवसायाच्या रकान्यात टेक्निशियन. खाली कंपनीचं पत्र जोडलेलं होतं. हा माणूस आधी मजूर म्हणून नोंदलेला होता, त्याने अर्ज केला, कामाची चाचणी दिली, आणि आता त्याचा व्यवसाय बदलून टेक्निशियन केला आहे.

मी ते पत्र तीनदा वाचलं. बदलता येतं हे मला धंद्यामुळे माहीत होतं, पण आमच्या ह्यांच्या कंपनीत कोणी बदलून देत नाही असं ते मला सांगत आले होते. हा काल मिशी फुटलेला पोरगा जातो, बदलून घेतो, आणि बायकोला बोलावतो. आणि ती समोर बसलेली, पोटावर हात ठेवून, मला विचारते, "थंय गॅलरी असता काय हो? कपडे वाळत घालूक?"

त्या क्षणी मला ती पोरगी नकोशी झाली. स्पष्टच लिहिते. तिचा हात, तिचं पोट, तिची गॅलरी, सगळं नकोसं झालं.

सोमवारी सावंत आला. मी त्याला चार फायली दिल्या. प्रणालीचा दाखला दिला नाही. टेबलाच्या खणात ठेवला, वर कॅल्क्युलेटर आणि जुन्या पावत्या ठेवल्या. स्वतःला सांगितलं की ग्रामसेवकाचा शिक्का जरा पुसट आहे, पुन्हा मारून घ्यायला हवा. शिक्का पुसट नव्हता. चोवीस वर्षांत मी कोणाचा कागद अडवला नव्हता. लोक मला बोलभांड म्हणत, फटकळ म्हणत, पण काम चोख, असं शत्रूही सांगेल. आणि मी एका पोटुशीचा कागद खणात घालून त्यावर चहा पीत होते. दिवसातून दोनदा खण उघडून बघायची आणि पुन्हा लावायची.

आठव्या दिवशी प्रणाली आली. पुढच्या सोमवारची सकाळ. हातात केळीच्या पानात बांधलेले तळलेले मोदक. बसली, पाय जरा सुजलेले. म्हणाली, "काकू, कागद गेले काय मुंबयक?"

मी म्हटलं, "गर्दी असते. वेळ लागतो."

"लागांदे," ती म्हणाली. "माका काळजी नाय. गणेश म्हणता, काकांनी सांगलेला, कागद आमच्या हिच्याकडेच दी, ती चूक करूची नाय. काकांनीच तर तेका वाट दाखवली. व्यवसाय बदलून घे, नायतर बायल आणूक मिळूची नाय, असा तेच म्हणाले. अर्ज कसो लिवूचो ता पण सांगल्यानी. तेंनी स्वतःचो बदललेलो ना, खूप वर्षां आधी."

मी विचारलं, "कोणी बदललेलो?"

"काकांनी. तुमका म्हायत नाय?" ती हसली. मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं.

मी म्हटलं, माहीत आहे, विसरले होते. मोदकांचं पान उचलून कपाटात ठेवलं. ती गेली. चष्मेवाला डोकावून गेला, मी मान हलवली. मग खण उघडला. माझा कागद कोणी दाबून ठेवला होता ते मला त्या दिवशी कळलं, आणि हिचा कोणी दाबून ठेवला होता ते तर आठ दिवस ठाऊकच होतं. दोघांत फरक काय राहिला?

सावंत त्या सोमवारी पहाटेच निघून गेला होता. म्हणजे आणखी एक आठवडा. मी घरी गेले, ह्यांना म्हटलं, उद्या मुंबईला जाते, काम आहे. ते म्हणाले, "तू खंय? सावंताक दी." मी पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळहून गाडी धरली. चोवीस वर्षांत मी स्वतः शिक्के मारायला कधी गेले नव्हते. दादरला मावसबहिणीकडे पाच दिवस राहिले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, रांगेत उभी. एका ठिकाणी बाबू म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. मी म्हटलं, मी इथेच बसते. बसले. त्याने जेवणाच्या सुट्टीआधी काम केलं, मला वाटतं मला उठवण्यासाठीच. शेवटच्या शिक्क्याला मी त्या कचेरीतल्या बाईला सांगितलं की पोरीला पाचवा लागलाय. तिने माझी फाईल गठ्ठ्यात वर ठेवली. गेलेले आठ दिवस मी पाच दिवसांत भरून काढले. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. आग मीच लावली होती आणि बंबही मीच.

प्रणालीचा व्हिसा झाला. सहावा सरता सरता ती गेली. जायच्या आदल्या दिवशी पाया पडायला आली तेव्हा मी पाय मागे घेतले. तिला वाटलं पोटामुळे वाकू देत नाही. मुलगा झाला, तेव्हा गणेश तिथल्या दवाखान्यात बाहेर बाकड्यावर बसून होता. प्रणाली हा अंक वाचेल की नाही माहीत नाही. वाचलास तर, बाय, ते आठ दिवस मुंबईच्या गर्दीचे नव्हते. माझे होते.

मुंबईहून परतले त्या दिवशी दुपारी हे पडवीत बसून कोकमं निवडत होते. मी पिशवी खाली ठेवली नाही. उभ्यानेच विचारलं, "तुमच्या कागदार मजूर लिवलेला होता ना?"

त्यांनी कोकमं बाजूला सारली.  मग उठले, आत गेले, पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट घेऊन आले. जुने पासपोर्ट, कंपनीची ओळखपत्रं, आणि घडी पडलेला एक फॉर्म. फॅमिली व्हिसाचा. तारीख माझ्या दुकानाच्या पहिल्या वर्षाची.

म्हणाले, "बदलून घेतलंय आणि लगेच फॉर्म आणलंय. भरलंय सगळो. तुझ्या सहीसाठी धाडूचो होतो. तेच आठवड्यात तुझा पत्र इला."

"कसला पत्र?"

"दुकानाचा. पाटी लावली, पहिल्या महिन्यात अकरा फॉर्म भरले, एका बाईचा पासपोर्ट परत इलेलो तो तू भांडान मिळवून दिलंस. चार पानां. त्याच्या आधी तुझी पत्रां एका पानाची असत. आईक बरा नाय, चेडवाक ताप इलो, इतक्याच." त्यांनी फॉर्मची घडी सरळ केली. "मी होतंय सहा जणांच्या खोलीत. फॅमिली म्हणजे एक खोली मिळाली असती, आणि तू दिवसभर तेच्यात. कोणाची भाषा नाय, काम करूची परवानगी नाय. मी म्हटलंय, नको."

"माका विचारूक काय झाला होता?"

"विचारला असता तर तू इली असतंस," ते म्हणाले.

 खरंच गेले असते. टाइपरायटर विकून, पाटी उतरवून, मुलीला कडेवर घेऊन गेले असते, आणि कदाचित त्या खोलीत चिडून चिडून त्यांचं डोकं खाल्लं असतं. की नसतं खाल्लं? मला कळायला मार्ग नाही. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारीण भिंतीआडून ऐकत होती, तिला विचारा. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचे शर्ट मात्र रोज धुतले, दोरीवर घातले, माझ्या लुगड्यांच्या शेजारी. सवय.

पाचव्या दिवशी तो फॉर्म घेऊन दुकानात गेले आणि गिऱ्हाइकाचा तपासावा तसा टेबलावर ठेवून तपासला. त्यांचं अक्षर, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर चौकटीत बसवलेलं. खाडाखोड नाही. माझा फोटो निळ्या पडद्यावरचा लावला होता, तो चालला नसता, पांढरा लागतो. जन्मतारीख बरोबर. मुलीचं नाव बरोबर. पत्नीच्या व्यवसायाचा रकाना आला. इतकी वर्षं मी तिथे न विचारता सगळ्यांचं 'गृहिणी' लिहिलं. शिलाई करणारीचं, मासे विकणारीचं, सगळ्यांचं. विचारायचं सुचलंच नाही. ह्यांनी तिथे आधी तसंच काहीतरी लिहून मग ते बदललेलं असावं, कारण तेवढ्या भागावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती, आणि पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'स्वतःचा धंदा'. म्हणजे पत्र आल्यावरही त्यांनी फॉर्म लगेच पेटीत टाकला नव्हता. रकाना सुधारला होता. मग टाकला.

एवढ्या बायकांवर जळले मी. पण त्या फॉर्ममधल्या बाईवर जेवढी जळले तेवढी कोणावरच नाही. पंचवीस वर्षांची, निळ्या पडद्यापुढे बसलेली, दुकान असलेली, आणि जिचा नवरा तिला न्यायला निघाला होता.

तो फॉर्म मी अपूर्णच्या फायलीत लावला. बाहेर माझं नाव लिहिलं, गिऱ्हाइकांचं लिहायची तसंच, आडनाव आधी. दुकान बंद केलं तेव्हा मंजूर आणि नामंजूर दोन्ही फायली फाडून टाकल्या. ही घरी आणली. हे कधीतरी विचारतात, "कित्याक ठेवलंस ती?" मी ती उघडून तो फॉर्म पुन्हा बघते. त्यात सगळं भरलेलं आहे, नवऱ्याची सही आहे, कंपनीचा शिक्का आहे. खाली उजवीकडे पत्नीच्या सहीची जागा तेवढी कोरी आहे, आणि तिथे तुझ्या वतीने दुसऱ्या कोणी केलेली सही चालत नाही, हे मीच सगळ्या गावाला सांगत बसले होते.